वाली नसलेली वही : इथेरियम क्लासिकचा इतिहास

२० जुलै २०१६ रोजी हिशेबाच्या एका वहीच्या दोन वह्या झाल्या. तोवरचे प्रत्येक पान दोन्हींत सारखे होते. फरक पडला तो एकोणीस लाख वीस हजाराव्या पानापासून. एका वहीत त्या पानावर एक जुना व्यवहार फिरवण्यात आला. दुसरीत तो होता तसाच राहू दिला गेला. पहिल्या वहीमागे तिला जन्म देणारी संस्था, संस्थेचा पैसा, मूळ नाव आणि बहुतेक सगळे जाणकार उभे राहिले. दुसरीमागे सुरुवातीला मूठभर माणसे होती, आणि त्यांतल्या काहींची खरी नावेही कुणाला ठाऊक नव्हती. ही दुसरी वही बंद पडेल असे त्या आठवड्यात भल्याभल्यांना वाटले. ती बंद पडली नाही. तिचे नाव इथेरियम क्लासिक. ती कशी टिकली आणि टिकताना तिला काय मोजावे लागले, याचा हा धांडोळा.

आधी एक खुलासा. मी संगणकशास्त्र शिकलेलो नाही. माझे आयुष्य हिशेबनिसीत गेले. जमाखर्च, रोजकीर्द आणि खतावणी या वाटेनेच मी ब्लॉकचेनपर्यंत पोहोचलो. आभासी नाण्यांचे भाव हा माझ्या कुतूहलाचा विषय कधीच नव्हता. ज्या वहीला मालक नाही ती कोण लिहितो, कोण तपासतो आणि तिच्या देखभालीचा खर्च कोण करतो, हा माझा प्रश्न होता. वाचकांनीही हा लेख त्याच बाजूने वाचावा.

वही आणि तिचे राखणदार

ब्लॉकचेन म्हणजे एकाच वेळी जगभरच्या हजारो संगणकांवर असलेली रोजकीर्द. तिचे प्रत्येक पान म्हणजे एक ‘ब्लॉक’. प्रत्येक पानावर आधीच्या पानाची खूण असते. त्यामुळे मधलेच पान बदलले तर पुढची सगळी पाने खोटी ठरतात. नवे पान कोणी लिहायचे हे ठरवण्यासाठी संगणकांमध्ये आकडेमोडीची चढाओढ लागते. तिला मायनिंग म्हणतात. जो जिंकतो त्याला नव्या नाण्यांच्या रूपात मोबदला मिळतो. दोन वेगळ्या वह्या समोर आल्या, तर जिच्यामागे जास्त आकडेमोड खर्ची पडली आहे ती खरी मानायची, असा संकेत आहे.

बिटकॉइनची वही फक्त नाण्यांची देवघेव नोंदवते. रशियात जन्मलेल्या आणि कॅनडात वाढलेल्या व्हिटालिक ब्युटेरिन या तरुणाने २०१३ च्या अखेरीस यापुढची कल्पना मांडली. वहीत करारही लिहिता यावेत आणि अटी पूर्ण झाल्या की ते आपोआप अमलात यावेत, अशी ती कल्पना होती. हेच इथेरियम. त्यासाठी २०१४ च्या उन्हाळ्यात इथर या नाण्याची आगाऊ विक्री झाली आणि ३१ हजारांहून अधिक बिटकॉइन, म्हणजे त्या वेळचे सुमारे १ कोटी ८० लाख डॉलर जमा झाले. स्वित्झर्लंडमधील झुग येथे इथेरियम फाउंडेशन ही ना-नफा संस्था स्थापन झाली. ३० जुलै २०१५ रोजी वहीचे पहिले पान लिहिले गेले.

एक गोष्ट येथे ध्यानात घ्यायला हवी. वही कुणाच्याही मालकीची नव्हती, पण तिला राखणदार होता. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचे पगार फाउंडेशन देत असे. नाव, बोधचिन्ह आणि संकेतस्थळ तिच्याकडेच होते. मालकी नसणे आणि राखणदारी नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा फारसे कुणाच्या लक्षात आले नव्हते.

आधी पैसे, मग नोंद

३० एप्रिल २०१६ रोजी इथेरियमवर ‘द डाओ’ नावाचा एक करार सुरू झाला. ती एक गुंतवणूक मंडळीच होती, पण तिला अध्यक्ष नव्हता, कार्यालय नव्हते की घटनेचे कागद नव्हते. जे काही होते ते कोडमध्ये होते. सभासदांनी इथर जमा करायचे आणि कुठल्या प्रकल्पाला पैसे द्यायचे ते मतदानाने ठरवायचे. स्लॉक.इट या जर्मन कंपनीने हा कोड लिहिला होता. कंपनीचे काही संस्थापक पूर्वी इथेरियम फाउंडेशनमध्ये काम केलेले होते, आणि डाओच्या देखरेख मंडळात खुद्द ब्युटेरिन यांचे नाव होते. महिनाभरात सुमारे १५ कोटी डॉलर किमतीचे इथर गोळा झाले. त्या वेळी अस्तित्वात असलेल्या सगळ्या इथरपैकी साधारण १४ टक्के या एका करारात जाऊन बसले.

१७ जून रोजी त्यातून ३६ लाख इथर बाहेर पडू लागले. चूक काय होती, ते बँकेत काम केलेला माणूस चटकन समजू शकेल. समजा, कॅशियर आधी पैसे देतो आणि मग पासबुकात नोंद करतो. पैसे हातात पडताच, नोंद होण्याआधीच, खातेदाराने पुन्हा पैसे मागितले तर? पासबुकात जुनीच शिल्लक दिसते, म्हणून कॅशियर पुन्हा पैसे देतो, आणि हे चक्र चालूच राहते. डाओच्या कोडमध्ये नेमके हेच घडले. त्या दिवशीच्या भावाने ही रक्कम पाच कोटी डॉलरहून अधिक होती.

चूक डाओच्या करारात होती. इथेरियमच्या वहीत काही बिघाड नव्हता. वहीने प्रत्येक नोंद नियमाप्रमाणेच केली होती. सगळा वाद पुढे याच मुद्द्यावर पेटला.

फिरवलेली नोंद

काढलेले इथर करारातल्याच एका अटीमुळे काही आठवडे अडकून पडणार होते. विचाराला तेवढीच सवड होती. एक सौम्य उपाय सुचला, पण त्यातून संपूर्ण जाळेच ठप्प करता येईल असा दोष आढळल्याने तो सोडावा लागला. उरला तो कठोर उपाय. ठरलेल्या पानावर डाओचे सगळे इथर एका नव्या करारात हलवायचे आणि तेथून ज्याचे त्याला परत द्यायचे. तांत्रिक भाषेत हा ‘हार्ड फोर्क’. ज्यांना नवे नियम मान्य असतील ते नव्या फाट्याने जातील आणि बाकीचे जुन्या वाटेवर राहतील.

नाणेधारकांचा कौल घेण्यासाठी एक मतदान झाले. सुमारे ८७ टक्के मते बदलाच्या बाजूने पडली. पण मतदानात उतरलेले इथर एकूण इथरच्या विसाव्या हिश्शाच्या आसपासच होते. बाजू घेणाऱ्यांनी पहिला आकडा सांगितला, विरोधकांनी दुसरा.

येथे मला माझे स्वतःचे काही सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातली एक पतसंस्था बुडाली. वडिलांच्या निवृत्तीची बरीचशी रक्कम तीत होती. ठेवीदारांच्या बैठकीत परतफेडीचा ठरलेला क्रम वाचून दाखवण्यात आला, तेव्हा वयस्क ठेवीदारांना आधी पैसे द्या, क्रम बाजूला ठेवा, असे ओरडणाऱ्यांत मीही होतो. जन्मभर दुसऱ्यांच्या वह्यांत खाडाखोड होऊ न देणारा मी, स्वतःच्या घरावर वेळ आल्यावर नियमाला मुरड घाला असे म्हणालो होतो. म्हणून डाओच्या ठेवीदारांना मी हसू शकत नाही. त्यांचे पैसे चोरीला गेले होते आणि ते परत मिळवण्याचा मार्ग समोर दिसत होता.

पण विरोधकांचे म्हणणेही तितकेच वजनदार होते. मोठ्या रकमेसाठी, वजनदार माणसांसाठी एकदा नोंद फिरवली, तर उद्या लहान माणसाच्या चोरीसाठी ती का फिरवायची नाही? उद्या एखाद्या सरकारने नोंद फिरवायला सांगितले तर? ज्या वहीत कोणीच हस्तक्षेप करू शकत नाही म्हणून लोक आले, त्या वहीत हस्तक्षेप करता येतो हे एकदा सिद्ध झाले की उरते काय? ‘कोड हाच कायदा’ हे त्यांचे ब्रीद होते.

२० जुलैला फाटा फुटला. डाओच्या सभासदांना त्यांचे इथर परत मिळाले. फाउंडेशनने आपले सारे काम नव्या फाट्यावर चालू ठेवले.

मागे राहिलेले

जुन्या वहीवर राहिलेल्यांकडे काय नव्हते याची यादी लांब आहे. निधी नव्हता, नाव नव्हते, पगारी प्रोग्रामर नव्हते. एक गोष्ट मात्र होती. फाउंडेशनच्याच ‘गेथ’ या सॉफ्टवेअरमध्ये फाटा नाकारण्याचा पर्याय ठेवलेला होता. म्हणजे जुनी वही चालू ठेवण्याचे पहिले साधन तिला सोडून जाणाऱ्या संस्थेनेच मागे ठेवले होते. हा मोठेपणा होता की औपचारिकता, हे ज्याने त्याने ठरवावे, पण ही नोंद इतिहासात राहायला हवी.

‘आर्विको’ या टोपणनावाने वावरणाऱ्या एका रशियन प्रोग्रामरने फाटा फुटण्याआधीच ‘इथेरियम क्लासिक’ या नावाने कोडची प्रत मांडून ठेवली होती. २४ जुलै रोजी पोलोनिएक्स या एक्स्चेंजने जुन्या वहीच्या नाण्याचा व्यवहार सुरू केला आणि चित्र पालटले. जुने नाणे ज्याच्याकडे होते, त्याच्याकडे आता दोन्ही वह्यांत तेवढीच नाणी होती. मोफत आलेल्या या दुसऱ्या नाण्याला भाव मिळतो आहे म्हटल्यावर मायनर परत येऊ लागले. तत्त्वासाठी आलेले लोक आणि भावासाठी आलेले लोक पहिल्या आठवड्यापासूनच एकत्र होते. हे मी दोषाने म्हणत नाही. नुसत्या तत्त्वावर वही चालली नसती.

ऑगस्टमध्ये क्लासिकवाल्यांनी आपल्या स्वातंत्र्याची घोषणा प्रसिद्ध केली. इथेरियमचे एक सहसंस्थापक चार्ल्स हॉस्किन्सन २०१४ मध्येच फाउंडेशनपासून दूर झाले होते. त्यांनी आपल्या आयओएचके या कंपनीतून क्लासिकसाठी प्रोग्रामरांचा एक गट उभा केला. गणितज्ञाच्या नावावरून गटाचे नाव ठेवले ‘ग्रोथेन्डीक’. अमेरिकी गुंतवणूकदार बॅरी सिल्बर्ट यांनी नाणी विकत घेतल्याचे जाहीर केले. त्यांच्या समूहातील ग्रेस्केल या कंपनीने २०१७ मध्ये क्लासिकचा गुंतवणूक ट्रस्ट काढला आणि आपल्या व्यवस्थापन शुल्काचा एक तृतीयांश हिस्सा पहिली तीन वर्षे क्लासिकच्या विकासाला देण्याचे कबूल केले. त्यातून ईटीसी कोऑपरेटिव्ह या संस्थेला बळ मिळाले. इगोर आर्टामोनोव यांनी ईटीसीडेव्ह हा प्रोग्रामरांचा गट बांधला. एक राखणदार गेला आणि त्याच्या जागी तीन-चार आश्रयदाते आले. प्रत्येकाचा पैसा वेगळा, प्रत्येकाचा हेतू वेगळा.

न बदलण्यासाठी केलेले बदल

‘वही बदलायची नाही’ म्हणून वेगळे झालेल्या या मंडळींपुढे पहिलाच पेच विचित्र आला. मूळ कोडमध्ये एक कळ बसवलेली होती. तिला ‘डिफिकल्टी बॉम्ब’ म्हणत. काळ जाईल तसे पान लिहिणे अधिकाधिक अवघड करत नेणारी ही कळ मायनिंग पद्धत सोडायला सर्वांना भाग पाडावे म्हणून होती. क्लासिकला तर मायनिंग सोडायचे नव्हते. म्हणजे कोड होता तसाच ठेवला तर वही गोठणार, आणि वही जगवायची तर कोड बदलावा लागणार.

त्यांनी कोड बदलला. जानेवारी २०१७ मध्ये, तिसलाखाव्या पानावर, कळ पुढे ढकलली गेली. त्याच वेळी एका वहीतला व्यवहार दुसरीत जसाच्या तसा चालवून नाणी पळवण्याची वाटही बंद झाली. मे २०१८ मध्ये कळ कायमची काढून टाकण्यात आली. त्याआधी, डिसेंबर २०१७ मध्ये, पन्नास लाखाव्या पानापासून नाण्यांच्या संख्येलाही मर्यादा घातली गेली. दर पन्नास लाख पानांनंतर मायनरचा मोबदला २० टक्क्यांनी घटतो. ५ वरून ४, ४ वरून ३.२ अशी ही उतरंड आहे. एकूण नाणी २१ कोटींच्या आसपास थांबतील.

यात विसंगती आहे का? क्लासिकवाल्यांचे उत्तर असे की नियम बदलणे वेगळे आणि झालेली नोंद फिरवणे वेगळे. हिशेबनीस म्हणून मला हे पटते. व्याजदर पुढल्या वर्षी बदलता येतो, पण गेल्या वर्षीची पावती फाडता येत नाही. तरीही एक गोष्ट उरतेच. ‘हा बदल चालेल, तो चालणार नाही’ ही रेघ कोडने ओढलेली नाही. ती माणसांनी बसून, भांडून, समजूत काढून ओढली. कोड हाच कायदा म्हणणाऱ्यांनाही न्यायमंडळ लागलेच. फक्त त्याला नाव नव्हते आणि पगारही नव्हता.

पगार कोण देणार?

२०१८ मध्ये बाजार कोसळला. वर्षाच्या सुरुवातीला चाळीस डॉलरवर गेलेला क्लासिकचा भाव डिसेंबरात पाच डॉलरच्या आसपास आला. ३ डिसेंबर रोजी ईटीसीडेव्हने पैसे संपल्याचे सांगून काम थांबवले. सॉफ्टवेअर सांभाळणारा मुख्य गट एका दिवसात उठून गेला. फाउंडेशनने साथ सोडल्यानंतर अडीच वर्षांनी ती पोकळी पुन्हा समोर उभी राहिली.

त्यानंतर जेमतेम महिनाभराने दुसरा आघात झाला. त्याचे कारण वेगळे होते, पण एकटेपणाशी त्याचे नाते आहे. ५ जानेवारी २०१९ रोजी कॉइनबेस या एक्स्चेंजच्या लक्षात आले की क्लासिकची शेवटची कित्येक पाने बदलली गेली आहेत. युक्ती अशी असते. हल्लेखोर एक्स्चेंजमध्ये नाणी जमा करतो, ती दुसऱ्या चलनात बदलून काढून नेतो. दरम्यान तो गुपचूप वेगळी पाने लिहीत असतो, ज्यांत ती नाणी जमाच झालेली नसतात. पुरेसे बळ असेल तर त्याची वही वजनदार ठरते आणि संकेताप्रमाणे सगळे तीच खरी मानतात. कॉइनबेसच्या मोजदादीप्रमाणे सुमारे २ लाख १९ हजार ५०० नाणी अशी दोनदा खर्चली गेली. त्यांची किंमत साधारण ११ लाख डॉलर होती. गेट.आयओ या एक्स्चेंजला हल्लेखोराने नंतर एक लाख डॉलर परत केले, हा या प्रकरणातला चमत्कारिक तपशील.

क्लासिकवरच हे का झाले? दोन्ही वह्यांची आकडेमोडीची पद्धत एकच होती. इथेरियमकडे मायनिंगचे प्रचंड बळ होते, क्लासिककडे त्याचा लहानसा अंश. मोठ्या भावाच्या शिवारात राबणारी यंत्रे तासावर भाड्याने घेऊन धाकट्याचे पीक कापून नेता येत होते. ऑगस्ट २०२० मध्ये तर एका महिन्यात असे तीन हल्ले झाले. शेवटच्या हल्ल्यात सात हजारांहून अधिक पाने बदलली गेली. जी वही कधीच फिरवली जाणार नाही या वचनावर उभी होती, तिची पाने परके लोक भाड्याच्या यंत्रांनी फिरवत होते.

याच सुमारास आयओएचकेने एक तोडगा पुढे आणला. प्रत्येक पानाच्या मोबदल्यातले २० टक्के एका सामाईक कोशात जमा करायचे आणि त्यातून देखभाल व सुरक्षेचा खर्च भागवायचा. सहकारी चळवळ पाहिलेल्या मराठी माणसाला हे सरळ वाटेल. प्रत्येक टनामागे काही रुपये कापून घेणारे कारखाने आपण पाहिले आहेत, आणि त्या कपातीचे पुढे काय होते तेही पाहिले आहे. क्लासिकच्या लोकांनी हा कोश नाकारला. कोश आला की कोशाध्यक्ष आला, कोशाध्यक्ष आला की ‘आपली माणसे’ आली, आणि आपण जेथून निघालो तेथेच पुन्हा पोहोचलो, असा त्यांचा रोख होता. आयओएचके पुढे क्लासिकपासून दूर गेली.

कोश नाकारल्याने खर्च थांबला नाही. वहीची देखभाल ईटीसी कोऑपरेटिव्ह आणि ईटीसी लॅब्ससारख्या मोजक्या संस्थांच्या इच्छेवर राहिली. बहुतेक संगणक ‘कोअर-गेथ’ या एकाच सॉफ्टवेअरवर चालू लागले. उशिरा उगवणारी लांबलचक वही सहजी मानायची नाही, असा एक तात्पुरता नियम ऑक्टोबर २०२० मध्ये आणला गेला. नोव्हेंबरमध्ये मायनिंगची पद्धतही किंचित बदलली, त्यामुळे कमी स्मृतीची जुनी यंत्रे क्लासिककडे वळू शकली. सामाईक कोशाला नकार देणे हा तत्त्वाचा विजय होता, हे मी मानतो. पण त्या विजयाची किंमत काही थोड्या दात्यांनी भरली, आणि दाता कधीही हात आखडता घेऊ शकतो. राखणदार नको असेल तर राखण सगळ्यांनी वाटून करावी लागते. क्लासिकने पहिले साधले. दुसऱ्याची नीट व्यवस्था त्यांना आजवर लावता आलेली नाही.

परतलेले मायनर

१५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने मायनिंग सोडून दिले. विजेचा खर्च ९९ टक्क्यांहून अधिक घटला आणि लक्षावधी यंत्रे बेकार झाली. त्याआधी दोन महिने ब्युटेरिन यांनीच म्हटले होते की मायनिंगची पद्धत ज्यांना आवडते त्यांनी खुशाल क्लासिककडे जावे. त्यातली बरीच यंत्रे गेली. काही दिवसांत क्लासिकमागचे बळ कित्येक पटींनी वाढले. नंतर त्यातले काही ओसरले, पण ज्या दुबळेपणामुळे २०२० चे हल्ले झाले तो बराचसा संपला. एके काळी साथ सोडणाऱ्या घराने वाट बदलली आणि तिने सोडलेले श्रमिक धाकट्याच्या दारात आले. पुढे तो तात्पुरता नियमही काढून टाकण्यात आला.

पण यंत्रे पान लिहितात, कोड सांभाळत नाहीत. मायनरला मोबदला मिळतो, प्रोग्रामरला वहीतून काहीच मिळत नाही. शिवाय मायनरचा मोबदलाही दर पन्नास लाख पानांनी घटतो आहे. २०२४ च्या मध्यात तो २.०४८ नाण्यांवर आला. व्यवहारांच्या शुल्कातून ही तूट भरून निघेल इतकी वर्दळ व्हावी लागेल. नाही झाली तर यंत्रे पुन्हा निघून जातील.

आमच्या पतसंस्थेच्या वह्या आज अवसायकाच्या कपाटात आहेत. त्यांतली एकही नोंद खोटी नाही. मी स्वतः तपासल्या आहेत. वडिलांच्या नावापुढची रक्कमही बरोबर आहे. ती त्यांना हयातीत मिळाली नाही. त्या वह्यांत नवी नोंद करणारा कोणी नाही, एवढाच काय तो त्यांचा दोष. लक्ष्मीपूजनाला वहीवर कुंकू वाहताना मला आता दरवर्षी तेच आठवते. पूजा एका संध्याकाळची असते. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडून पहिली नोंद करायला माणूस लागतो, आणि त्याच्या चहापाण्याची सोय कुणीतरी करावी लागते.